लाल पेन्सिलीचे आठ ठिपके

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. स्वतःबद्दल दीड ओळ आणि माझ्या गुडघ्यांबद्दल पाऊण पान. पुढच्या वेळी उलट लिही. गुडघे आहेत तसेच आहेत, कुरकुरतात पण कामावर येतात. घरच्या रिवाजाप्रमाणे पत्र तुझ्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. मी वाचते तेव्हा दादा कागदावर डावं बोट ठेवून ओळीमागून ओळ सरकवतो. त्याच्या पथ्याबद्दल तू लिहिलेलं एक वाक्य मी गिळायला गेले, तर बोट तिथेच रोवून बसला. जन्मभर मी विंगेत वही घेऊन नटांना त्यांची वाक्यं पुरवली आणि सगळ्यांना बजावलं की गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. आता भोगते आपल्या कर्माची फळं.

दादाच्या झटक्याला येत्या महिन्यात वर्ष होईल. उजवी बाजू गेली ती गेलीच, वाचाही नाही. पण संध्याकाळी मी वहिनीचं शेवटच्या अंकातलं गाणं गुणगुणले की डावा हात पांघरुणावर ऑर्गन वाजवायला लागतो. ‘दिवा ठेविला, दार न लोटिले’ला हात वर उचलतो आणि हवेतच धरतो. मी मनात आठ मोजते. आठाला हात खाली येतो आणि मग मी ‘आला तो वाराच होता’ म्हणते. अजून एकदाही चुकला नाही. डॉक्टर म्हणाले, फार चांगली खूण आहे, हे मोडू देऊ नका.

आपल्या नाटकाचा सिनेमा इथे महिनाअखेरीला लागतोय, आणि लागतोय कुठे, तर आपल्याच थिएटरात. नाटकं बंद पडल्यावर तिथे त्यांनी पांढरा पडदा लावला, तोच. समोरच्या भिंतीवर जाहिरात चिकटवून गेले. दादाने ती खिडकीतून पाहिली आणि कपाटाकडे हात करून करून मला वेडी केली. शेवटी प्रयोगाचा काळा कोट काढून दिला तेव्हा गप्प झाला. जायचं म्हणतोय.

शेजारचा सुतार चाकांची खुर्ची पायऱ्यांवरून चढवून द्यायला तयार आहे. माझी धास्ती निराळी. सिनेमावाल्यांनी ती आठ मोजायची जागा ठेवली आहे की नाही? नसेल तर दादाला तिथे नेणं म्हणजे जखमेवर मीठ. मागे रेडिओ दुरुस्त करणारा ऑर्गन विकणार का म्हणून सहज विचारून गेला, तर ह्याने दोन दिवस घास घेतला नाही. तुझ्याकडे सिनेमा लागला आहे. बघ आणि कळव. पण पत्र त्याच्यासमोर वाचायचं, म्हणून त्या जागेबद्दल एक अक्षर लिहू नकोस. असेल तर सहीखाली लाल पेन्सिलीचे आठ ठिपके दे, माझ्या वहीत त्या दोन ओळींमध्ये आहेत तसे. नसेल तर काही देऊ नकोस. मी सांगेन की सिनेमा येण्याआधीच उतरवला. तेवढं खोटं मला पचेल.

कुलूप तीनदा ओढून पाहतेस ना अजून, शंकासुरा? दोनदा पुरे. म्हाताऱ्या माणसांची आठवण ठेव.

तुझी,
आत्या


ता. ९ फेब्रुवारी

ती. बाबा व आत्या यांस,
शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे. (ही अर्धी ओळ झाली. आत्या, उरलेली एक पुढच्या पत्रात.) दवाखान्यात खोकल्याची साथ आहे, दिवसभर बाटल्या भरणं आणि चिठ्ठ्या लावणं. मी प्रत्येक चिठ्ठी लावण्याआधी एकदा आणि लावल्यावर एकदा वाचते. मोठ्या कंपाउंडरांचं म्हणणं, माझ्या हातून औषध मिळेपर्यंत रोगी आपोआप बरा होतो.

रविवारचं तिकीट काढलं आहे. बाबा, मला एकटीला सिनेमा बघायची भीती वाटते, हसू नका. नाटक मी कधी समोरून असं पाहिलंच नाही. माझी शाळा विंगेत. कापडी नदीच्या मागच्या बाजूला, आत्याच्या मांडीवर, तिच्या वहीतून अक्षरं लागली. मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलेले शब्द ‘आत जाते’. घरात आई स्वयंपाकघराकडे वळली की मी ते ओरडत असे, आणि तुम्ही टेबलावर दोन सूर वाजवत असा.

आईची पहिल्या प्रयोगाची गोष्ट मला अजून तोंडपाठ आहे. नावाड्याची बायको ताट वाढून दार उघडं ठेवते, गाते, आणि ‘दार न लोटिले’च्या पुढे आई ओळच विसरते. तुम्ही ऑर्गनवरून हात उचलता आणि तसाच धरून बसता, तिला वेळ मिळावा म्हणून. सगळं थिएटर त्या उघड्या दाराकडे बघायला लागतं. मग आईला ओळ सापडते, तुमचा हात खाली येतो. आत जाऊन ती रडते की सगळं घालवलं, आणि बाहेर लोक उठायला तयार नाहीत. दुसऱ्या दिवशी मॅनेजर येऊन सांगतात, बाई, आता रोज विसरा.

सिनेमा पाहिला की लगेच लिहीन. तुमची माया इतक्या लांबून पोचते आहे, ती अशीच येऊ द्या.

तुमची,
ठकी


ता. १४ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

घाईत लिहिते. तुझं पत्र दादाने तीनदा वाचून घेतलं. मॅनेजरच्या वाक्याला डाव्या ओठाने हसला. वर्षभरात पहिल्यांदा.

रोज सकाळी कोट ब्रशने झाडून मांडीवर लागतो. काल मी पाणी भरून आले तर ह्याने डाव्या पायात एकट्याने बूट घातलेला, आणि उजवा बूट छातीशी धरून बसलेला. मी रागावले आणि मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

तुझ्या पत्राची वाट पाहते. जे असेल ते.

तुझी,
आत्या


ता. १९ फेब्रुवारी
(लिहून ठेवलेलं, न टाकलेलं)

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे फक्त तुला. सुतारकाकांच्या पत्त्यावर पाठवीन म्हणते.

सिनेमा मी तीनदा पाहिला. पहिल्यांदा मोजणं झालंच नाही, कारण नदी आली आणि मला रडू आलं. खरी नदी, एवढी रुंद, तिच्यावर ऊन. आणि मला आपली कापडी नदी आठवली. मागून कुणी चहा घेऊन गेलं की तिच्यावर लाट यायची, आणि आई त्या लाटेकडेही नावाड्याच्या बायकोच्याच डोळ्यांनी बघायची. आपल्याकडे नाव कधी नव्हतीच. आई डोळ्यांवर हात धरायची आणि चारशे माणसांना ती दिसायची. सिनेमात नाव सारखी दिसते, म्हणून ती कुणी शोधत नाही.

मी अन्याय करू नये म्हणून लिहिते, की गाणारी मुलगी फार चांगली गाते. आईला तिसऱ्या कडव्यात दम पुरायचा नाही, हिला पुरतो. हे वाक्य लिहिताना मी चोरी करते आहे असं वाटलं, पण ते खरं आहे.

नावाडी आपल्या नाटकात कधीच दिसत नाही. इथे तो दिसतो. कुरळ्या केसांचा, देखणा. वादळात बुडतो तेही दाखवलं आहे, बराच वेळ, खूप आवाज करून. म्हणजे शेवटच्या गाण्याला सगळ्यांना माहीत असतं की तो येणार नाही. मग वाट कोण बघणार? ‘दार न लोटिले’ झालं रे झालं की व्हायोलिनं येतात, दार, त्याचा चेहरा, तिचा चेहरा, आणि ‘आला तो वाराच होता’. मी दुसऱ्या खेळाला बोटांवर मोजलं. दोनसुद्धा होत नाहीत. तिसऱ्या खेळाला डोळे मिटून मोजलं, म्हटलं चेहऱ्यांमुळे चुकत असेन. तेवढंच.

माझ्या शेजारी एक शाळकरी मुलगी होती. तिने नाटक पाहिलेलं असणं शक्यच नाही. ती हुंदके देऊन रडत होती, आणि बाहेर पडताना मैत्रिणीला म्हणाली की आज घरी जाऊन आईशी भांडण मिटवणार. तेव्हा सिनेमा वाईट आहे असं मला म्हणता येत नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या घालून मोकळी झाले असते. चांगला आहे. फक्त त्यात आई नाही, आणि बाबांचा हात ठेवायला जागा नाही.

म्हणून सहीखाली काही देत नाही. बाबांना नेऊ नकोस.

पण आत्या, उजवा बूट छातीशी धरून म्हणजे कसा? दोन्ही हातांनी तर धरता येत नाही त्यांना. मी सकाळपासून तेच डोळ्यांसमोर आणते आहे. वर्षभर मी घरी आले नाही. रजा मिळत नाही असं लिहीत आले, पण मी मागितलीच नव्हती. त्यांना तसं बघायचं धैर्य होत नव्हतं. आणि आता त्यांनी एक गोष्ट मागितली, तर तिलाही मीच नाही म्हणायचं. कदाचित त्यांच्या लक्षातही येणार नाही. खरी नदी बघून खूश होतील. कदाचित


ता. २० फेब्रुवारी

ती. बाबा व आत्या यांस,
शि. सा. न. वि. वि.

सिनेमा पाहिला. छान आहे. नदी खरी आहे आणि फार मोठी आहे. गाणारी मुलगी सुरेल आहे. बाबा, आईची ती निळी शाल होती ना, तशीच तिला दिली आहे. संगीतात वाद्यं पुष्कळ आहेत, पण मधूनच ऑर्गनही ऐकू येतो. थिएटर भरलेलं होतं आणि माझ्या शेजारची मुलगी रडली.

गर्दी असेल, दुपारच्या खेळाला जावं. पायांवर पांघरूण घ्यावं. इथे सर्व ठीक. मला विसरू नये एवढंच मागणं.

तुमची,
ठकी

•  •  •  •  •  •  •  •


ता. ६ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

हे पत्र सुताराच्या दुकानात बसून लिहिते आहे, मांडीवर फळी घेऊन. घरी लिहिलं की दादा मान लांब करून बघतो.

आम्ही गेलो. सुताराने आणि त्याच्या भावाने खुर्ची उचलली. कोट, दोन्ही बूट, भांग मी पाडून दिला. आत शिरल्यावर दादाने पडद्याखाली डावीकडे पाहिलं, ऑर्गन असायचा तिथे. तिथे आता थंड पेयांची खोकी रचलेली असतात. मी खुर्ची त्यांच्याजवळच लावली. नदी आली तेव्हा माझ्याकडे वळून बघितलं, जशी काही मीच ती आणली. शालीला मान हलवली. ठके, दोन तास तो सुखात होता, हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून ते तुझ्या लक्षात राहणार नाही.

मग गाणं आलं. हात कोटाच्या बाहीतून बाहेर निघाला आणि सुरावर चालायला लागला. ‘दार न लोटिले’. हात वर गेला. आणि गाणं पुढे निघून गेलं. ओळ झाली, पुढची झाली, कडेची माणसं उठायला लागली. दादाचा हात हवेतच. खाली येईना, कारण त्याला ओळ मिळालीच नव्हती. मग मी कानाशी वाकून म्हटलं, ‘आला तो वाराच होता’. तेव्हा हात खाली आला. मागच्या रांगेतली बाई पुढे वाकून शू म्हणाली. तीस वर्षं अंधारात कुजबुजले, पण मला कुणी शू केलं ते त्या दिवशी.

घरी आल्यावर दोन दिवस जेवण नाही. तिसऱ्या दिवशी पेज घेतली. आता खातो. पण मी गाणं गुणगुणले की हात हलत नाही. पांघरुणाखाली घालून ठेवतो. मी त्याला सांगितलं की सिनेमावाल्यांनीच ती जागा खाल्ली, तुझं काही चुकलं नाही. तर त्याने तुझं पत्र मागितलं. उशीखाली ठेवलं आहे ते. उघडायला लावलं आणि सहीखालच्या ठिपक्यांवर एकेक करत बोट ठेवलं, आठही. मग आपल्या हाताकडे पाहिलं, एखाद्या बिघडलेल्या यंत्राकडे बघावं तसं. त्याला ठिपके पहिल्याच दिवशी दिसले होते, त्यांचा अर्थही कळला होता. आणि बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचणारी त्याची मुलगी चुकणार नाही, म्हणजे चुकला तो त्याचाच हात. असं त्याचं म्हणणं.

मी रागावले नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण एक सांगते, जे तुझ्या बाबांनाही माहीत नाही. पहिल्या प्रयोगात चूक वहिनीची नव्हती. म्हणजे तिला ओळ हवी होती, आणि तिने विंगेकडे माझ्यासाठी मान वळवली होती. वही हाताळणाऱ्याने रंगमंचाकडे बघायचं नसतं, नजर वहीत हवी. मी बघत होते. तिचा तो चेहरा बघतच राहिले. ओळ समोर होती आणि तोंडातून आवाज फुटेना. पडदा पडल्यावर मॅनेजर ओरडत आत आला, तर वहिनीने सांगून टाकलं की मीच विसरले. मरेपर्यंत तिने तोंड उघडलं नाही. नवी वही केली की मी ते आठ ठिपके लाल पेन्सिलीने काढायचे, आणि प्रत्येक वेळी तिचा तो चेहरा आठवायचा.

माझी चूक तिने झाकली आणि तिचं सोनं झालं. तुझी झाकायला मी तयार आहे, पण हिचं सोनं होत नाही. काय करावं सुचत नाही. हे उत्तरात लिहू नकोस, मला मोठ्याने वाचावं लागेल.

वेळेवर जेवत जा. रागाखालीही तीच माया आहे.

तुझी,
आत्या


ता. ११ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, हे मोठ्याने वाच. काही गाळू नकोस. बाबा, बोट ओळीवर ठेवा.

मागच्या पत्रात माझ्या सहीखाली जे आठ ठिपके होते ते खोटे होते. सिनेमा मी तीनदा पाहिला. तीनदा मोजलं. ‘दार न लोटिले’नंतर गाणं थांबत नाही. दोनसुद्धा मोजून होत नाहीत. हे मला माहीत होतं आणि तरी मी ठिपके दिले. आत्याला माहीत नव्हतं, ती माझ्या शब्दावर गेली. सोबत १९ तारखेचं पत्र जोडते आहे, अर्धवट राहिलेलं. तेही वाचायला लावा. त्यात मी किती घाबरट आहे ते कळेल, आणि रजेबद्दलचं खरंही.

मी ठिपके दिले कारण तुम्ही बूट घातला होता. एवढंच कारण आहे, आणि ते पुरेसं नाही. तुम्हाला नाही म्हणण्याचं दुःख मला नको होतं, म्हणून मी ते तुमच्या हातावर टाकलं. दवाखान्यात चुकीची चिठ्ठी लावली असती तर मी रात्रंदिवस झोपले नसते. घरात लावली, आणि दोन आठवडे स्वस्थ होते.

बाबा, तुमचा हात चुकला नव्हता. हे वाक्य आत्याने दोनदा वाचावं. तुमचा हात चुकला नव्हता. त्या दिवशी त्या सबंध थिएटरात तुम्ही एकट्यानेच बरोबर वाजवलं. गाणं चुकलं, व्हायोलिनं चुकली, मी चुकले. तुम्ही आईसाठी थांबला होता. ती आली नाही यात हाताचा दोष नाही.

मी रजा मागितली. या वेळी खरंच मागितली. मोठे कंपाउंडर म्हणाले, की इतकी वर्षं ही मुलगी कसली वाट बघत होती कुणास ठाऊक. गुरुवारी दुपारच्या गाडीने येते आहे. तुमच्यासमोर बसून हेच सगळं तोंडाने सांगेन, पत्रात सोपं जातं म्हणून सुटका करून घेणार नाही. तुम्ही तोंड फिरवलंत तरी बसून राहीन.

एकच मागते. आता आत्या पुढच्या दोन ओळी म्हणेल, वाचायच्या नाहीत, म्हणायच्या. मधली जागा मी सोडली आहे, आणि हे ठिपके खरे आहेत. तुमचा हात पांघरुणाखाली असेल तर तिथेच असू दे. पण आत्या, तू घाई करू नकोस. आठ होईपर्यंत थांब, आणि आठ झाल्यावरही हाताकडे बघ. तो सांगेपर्यंत पुढची ओळ घेऊ नकोस, मग मी गुरुवारी दारात येऊन उभी राहिले तरी.

तुमच्या मायेला मी आता पात्र नाही, तरी ती काढून घेऊ नये.

तुमची,
ठकी

दिवा ठेविला, दार न लोटिले

•  •  •  •  •  •  •  •

आला तो वाराच होता